मुलाच्या वागण्याला मोजपट्टी



आपल्या संसारात मोजमापावाचून पान हलत नाही. पूर्वी धान्य पायलीने मोजीत, आता किलोने मोजतात; कापड वाराने घेत, आता मीटरने घेतात. ताप आला की थर्मामीटर लावून आकडा पाहिल्याखेरीज आईच्या जिवाला चैन पडत नाही. आणि रक्तात साखर किती, हा प्रश्न तर हल्ली जेवणाच्या पंगतीतही विचारला जातो. पण मुलाचे वागणे कशाने मोजावे? मूल लाघवी आहे, मूल घुमे आहे, जरा हट्टी आहे, अशी विशेषणे आपण सहज वापरतो. त्यांपैकी एकालाही शेर-छटाक नाही. आणि तरीही काही मुलांच्या बाबतीत अशी वेळ येते, की वागण्याचे माप घेतल्यावाचून त्यांचे भले कशात आहे ते कळत नाही. आजचे व्याख्यान त्या मापाविषयी आहे.

दोन-अडीच वर्षांचे एक मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला आपण बंडू म्हणू. बंडू दिसायला गोंडस आहे, धावतो, जिना चढतो. पण हाक मारली तर मान वळवीत नाही. खेळण्यातली मोटार चालविण्याऐवजी ती उलटी करून तिची चाके फिरवीत बसतो. हवी असलेली वस्तू बोटाने दाखवीत नाही. आईचे मनगट धरतो आणि तिचा हात जणू एखादे अवजार असावे तसा डब्याकडे नेतो. मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून किंचाळतो. आजी म्हणते, "अगं, याचा बापसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." शेजारच्या काकू म्हणतात, "एकुलता एक आहे. चार मुलांत सोडा, म्हणजे आपोआप बोलेल." आणि तिसरे कोणी, आईच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणते, "आई दिवसभर नोकरीवर. पोर घुमे होईल नाही तर काय!"

यांतले आजीचे म्हणणे कधीकधी खरेही ठरते. उशिरा बोलणारी आणि पुढे घडाघडा बोलणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. प्रश्न एवढाच, की हा बंडू त्यांपैकी आहे की नाही? 'थांबून पाहू' म्हणत दोन वर्षे घालविली आणि तो त्यांपैकी नसला, तर शिकण्याच्या ऐन वयातील दोन वर्षे हातची गेली. उलट, घाईने त्याला शिक्का मारला आणि तो शिक्का चुकीचा निघाला, तर घरादाराने विनाकारण दुःख भोगले. या दोन चुकांच्या मधली वाट शोधण्यासाठी वर्तनाच्या मोजपट्ट्या निर्माण झाल्या.

ज्या स्थितीची आपण चर्चा करीत आहोत तिला मराठीत स्वमग्नता म्हणतात. ऑटिझम हा शब्दही आता आपल्या कानांना परका राहिलेला नाही. स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील एका लक्षणासाठी तो शब्द प्रथम योजला. मुलांच्या एका स्वतंत्र स्थितीचे नाव म्हणून तो रूढ झाला तो १९४३ सालानंतर. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी ११ मुलांची, म्हणजे ८ मुलगे आणि ३ मुली यांची, हकीकत प्रसिद्ध केली. माणसांशी भावनेचा धागा जुळत नाही आणि नेहमीच्या व्यवस्थेत तिळभरही बदल खपत नाही, या दोन गोष्टी त्यांना या मुलांत ठळकपणे दिसल्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स आस्पेर्गर यांनी अशाच, परंतु चांगले बोलणाऱ्या मुलांचे वर्णन केले. या दोघांच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने अशा सहा मुलग्यांचे बारकाईने वर्णन केले होते. परंतु जगाचे तिकडे लक्ष जाण्यास अनेक दशके लागली.

आता अडचण कोठे आली ती पाहा. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, मोडलेले हाड क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. स्वमग्नता रक्त तपासून सिद्ध होत नाही आणि मेंदूचे चित्र काढूनही सिद्ध होत नाही. अशा परीक्षांतून एखाद्या मुलाच्या बाबतीत मूळ कारणाचा पत्ता लागू शकतो. पण निदान मात्र मुलाच्या वागण्यावरूनच करावे लागते. आणि वागणे पाहणारा डोळा माणसाचा असतो. कॅनर यांच्यानंतर पंचवीस-तीस वर्षे असा प्रकार चालला होता, की एकाच मुलाला एक डॉक्टर स्वमग्न म्हणत, दुसरे बालपणातील स्किझोफ्रेनिया म्हणत, आणि तिसरे त्याला मंदबुद्धी ठरवून मोकळे होत. १९६१ साली इंग्लंडमध्ये मिल्ड्रेड क्रीक यांच्या मंडळाने ओळखीच्या नऊ खुणांची यादी केली. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या शेवटी आईबापांनी भरावयाची एक प्रश्नावली जोडली. रिमलंड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ती अशासाठी, की त्या काळी या मुलांच्या आईबापांना तज्ज्ञ म्हणून विचारण्याऐवजी आरोपी म्हणून उभे करण्याची रीत होती. आईच्या मायेचा ओलावा आटला म्हणून मूल आत मिटले, असा सिद्धांत प्रतिष्ठित झाला होता. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ग्रंथाने तो घरोघरी पोहोचविला. आधीच पोळलेल्या आईच्या मनावर त्यामुळे काय बेतले असेल, याची कल्पना या सभागृहातील माताभगिनी माझ्यापेक्षा अधिक करू शकतील. मघाच्या तिसऱ्या बाईचा टोमणा आणि हा सिद्धांत, यांत फरक एवढाच की एक ओट्यावर बोलला गेला आणि दुसरा ग्रंथात छापला गेला. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गर्भबीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. निरनिराळ्या गर्भबीजांपासून झालेल्या १० जोड्यांपैकी एकीतही तसे नव्हते. दोन्ही गटांत आई एकच, घर एकच, संगोपन एकच; मग असे का? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे त्यानंतरच्या संशोधनाने पुनःपुन्हा दाखविले. आईच्या मायेवरचा आरोप शास्त्राच्या दरबारात केव्हाच निकालात निघाला आहे. ओट्यावरून मात्र तो अजून उठलेला नाही.

बेटेलहाइम यांच्या मताला उघड विरोध करणाऱ्यांत एरिक शॉप्लर हे एक होते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात त्यांनी आणि रॉबर्ट रायक्लर यांनी आईबापांनाच शिक्षणातील सहकारी मानून काम सुरू केले, आणि १९७२ साली त्या कामाला राज्यव्यापी योजनेचे रूप आले. त्या कामातून, १० वर्षांत आलेल्या ५३७ मुलांच्या निरीक्षणावरून, एक मोजपट्टी तयार झाली आणि १९८० साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'कार्स' म्हणतात. बालपणातील स्वमग्नतेची गुणांकन श्रेणी, असा तिचा अर्थ. आपल्या देशातही ती वापरली जाते. म्हणून नमुन्यादाखल आपण तीच उलगडून पाहू.

या श्रेणीत १५ बाबी आहेत: माणसांशी संबंध, अनुकरण, भावनांचा प्रतिसाद, शरीराचा वापर, वस्तूंचा वापर, बदलाशी जुळवून घेणे, पाहण्याची रीत, ऐकण्याची रीत, चव-वास-स्पर्श यांना दिलेला प्रतिसाद, भीती व अस्वस्थता, बोलणे, बोलण्यावाचूनचे सांगणे म्हणजे खाणाखुणा, चळवळेपणा, बुद्धीची पातळी व तिची सर्व विषयांतील समानता, आणि शेवटी पाहणाऱ्याच्या मनावर एकंदर उमटलेला ठसा. प्रत्येक बाबीला १ ते ४ गुण द्यावयाचे. १ म्हणजे त्या वयाच्या मुलाला शोभेल असे वागणे, २ म्हणजे किंचित वेगळे, ३ म्हणजे बरेच वेगळे, ४ म्हणजे अतिशय वेगळे. मधले अर्धे गुणही देता येतात.

'बदलाशी जुळवून घेणे' ही एकच बाब घ्या. नेहमीच्या रस्त्याने बालवाडीत न नेता दुसऱ्या गल्लीने नेले. एक मूल कुरकुर करते आणि वाटेतले मांजर पाहून विसरते, त्याला १. दुसरे थोडा वेळ मागे ओढते, पण समजूत घातल्यावर येते, त्याला २. तिसरे रडून गोंधळ घालते, त्याला वळविण्यास बराच वेळ आणि बरेच कष्ट लागतात, त्याला ३. चौथे रस्त्यावर अंग टाकते, आणि जुन्या गल्लीने नेल्यावाचून कशानेही शांत होत नाही; त्याला ४. येथे 'त्या वयाला शोभेल असे' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. दोन वर्षांच्या मुलाने रस्त्यात अंग टाकणे आणि सात वर्षांच्या मुलाने टाकणे, या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. म्हणून मोजणाऱ्याला स्वमग्न मुले ठाऊक असून भागत नाही. सर्वसाधारण मुले कोणत्या वयात कशी वागतात, हेही पुरते ठाऊक असावे लागते.

पंधराही बाबींची बेरीज करावयाची. कमीतकमी बेरीज १५ येते. शून्य कोणालाच मिळत नाही. जास्तीत जास्त ६०. बेरीज ३० च्या खाली आली तर या मोजपट्टीच्या मते मूल स्वमग्न नाही. ३० पासून ३६.५ पर्यंत सौम्य ते मध्यम, आणि ३७ पासून पुढे तीव्र. समजा, आपल्या बंडूला पाच बाबींत ३ गुण मिळाले, चार बाबींत अडीच, आणि राहिलेल्या सहांत दीड. पंधरा, दहा आणि नऊ, मिळून ३४. म्हणजे सौम्य ते मध्यम.

येथे आपण क्षणभर थांबू या, कारण या बेरजेत एक मेख आहे. समजा, पाहणारे गृहस्थ जरा मवाळ मनाचे निघाले आणि त्यांनी प्रत्येक बाबीत अर्धा गुण कमी दिला. पंधरा अर्धे म्हणजे साडेसात. बंडूची बेरीज २६.५ वर आली. तो स्वमग्न नाही! आणि गृहस्थ कडक निघाले, प्रत्येक बाबीत अर्धा गुण जास्त पडला, तर ४१.५; बंडू तीव्र! मूल तेच, सकाळ तीच, खोलीही तीच. मोजपट्टी लाकडाची असली म्हणजे ती कोणाच्याही हातात सारखीच लांब राहते; ही मोजपट्टी माणसाच्या मनात असते, म्हणून तिला शिक्षणाने सरळ ठेवावी लागते. मोजपट्टी तयार करणारे दोन निरीक्षकांना एकाच मुलाला स्वतंत्रपणे गुण द्यायला लावतात आणि ते किती जुळतात ते तपासतात. ही परीक्षा उतरल्यावाचून तिला शास्त्रात किंमत नाही. आणि तिचा वापर करणाऱ्यालाही तसाच सराव हवा. कोणाच्या हाताने मोजले, हे विचारण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे.

सगळ्या मोजपट्ट्या एका कामाच्या नसतात, हेही समजून घेतले पाहिजे. आमच्या माजघरात चाळणीही असे आणि तराजूही असे. चाळणीने कोणी वजन करीत नसे. काही प्रश्नावल्या या चाळण्या आहेत. 'एम-चॅट' या नावाची एक चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तिच्या आजच्या आवृत्तीत २० प्रश्न असून आईबापांनी हो-नाही एवढेच सांगावयाचे असते: मूल बोटाने वस्तू दाखविते का, तुम्ही दाखविलेल्या दिशेला पाहते का, खोटाखोटा फोन कानाला लावते का, अशा धर्तीचे. ० ते २ गुण आले तर चिंता कमी. ८ वा अधिक आले तर लगेच पुढील तपासणी. आणि ३ ते ७ आले तर आईबापांशी बसून त्याच उत्तरांची पुन्हा खोलात चौकशी करावयाची.

ही दुसरी चौकशी कशाला, असे कोणी विचारील. थोडे अंकगणित करू; आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका शहरात १,००० मुले चाळणीतून काढली. त्यांत खरोखर स्वमग्न मुले १०. चाळणी चांगली आहे. दहांपैकी ९ तिने पकडली. उरलेल्या ९९० मुलांपैकी दर दहांत एकाला तिने चुकून अडविले, म्हणजे ९९. आता चाळणीत राहिलेली एकूण मुले १०८, आणि त्यांत खरी ९! म्हणजे पहिल्या चाळणीत अडकलेल्या दर बारा मुलांपैकी अकरा स्वमग्न नाहीत. यात चाळणीचा दोष नाही. जी गोष्ट मुळात विरळ असते तिच्या शोधात असेच होते. म्हणून चाळणीत अडकलेल्या मुलाच्या आईने त्या रात्री झोप उडवून घेऊ नये, आणि पुढची तपासणी टाळूही नये. तसेच, त्या हिशेबात एक स्वमग्न मूल चाळणीतून निसटलेच, हे विसरू नका. 'एकदा पास झाला' ही जन्माची हमी नव्हे. शंका राहिली तर पुन्हा विचारावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था १८ आणि २४ महिने अशी दोन वेळा ही चाळणी लावण्याचा सल्ला देते, तो याचसाठी.

चाळणीनंतर सविस्तर परीक्षा. त्यांतील एका पद्धतीत परीक्षक मुलाशी ठरावीक खेळ खेळतो: साबणाचे फुगे उडवितो, बाहुलीचा खोटाखोटा वाढदिवस करतो, मधेच हाक मारतो, खाऊ पुढे करून मूल कसे मागते ते पाहतो. गंमत वाटावी असा हा तास असतो. पण फुगा फुटल्यावर मूल 'आणखी' म्हणून कोणाच्या डोळ्यांकडे पाहते का, हे तेथे टिपले जात असते. दुसऱ्या पद्धतीत ९३ मुद्द्यांवर आईबापांची दीर्घ मुलाखत घेतली जाते. एकीने आज दिसते ते कळते, दुसरीने कालपर्यंत काय घडले ते कळते. ज्या मुलाखतीत आईला कालपर्यंत आरोपी म्हणून बसविले होते, तिच्यातच ती आज मुख्य साक्षीदार झाली आहे.

आता मोजपट्टी कोठे फसते ते सांगितले पाहिजे; नाही तर मी एका बाजूचीच वकिली केल्यासारखे होईल. पहिली फसगत कानाची. हाकेला ओ न देणारे मूल कदाचित ऐकूच येत नसल्यामुळे ओ देत नसेल. म्हणून श्रवणाची रीतसर तपासणी आधी झाली पाहिजे. 'टाळी वाजविली तर दचकतो' एवढ्यावर ती पुरी होत नाही. दुसरी फसगत बुद्धीच्या विकासाची. ज्याचा एकूणच विकास मंद आहे, त्याचे गुण अनुकरण, बोलणे, वस्तूंचा वापर अशा अनेक बाबींत आपोआप वाढतात. तेथे विकासाची व बुद्धीची वेगळी परीक्षा जोडीला घ्यावी लागते. तिसरी फसगत मुलींची. या मोजपट्ट्या बहुतांशी मुलग्यांना पाहून घडल्या. पुष्कळ मुली इतरांचे पाहून बोलणे-हसणे उचलतात आणि आपले वेगळेपण झाकतात. वर्गात त्या 'शांत, गुणी मुलगी' ठरतात. आणि घरी आल्यावर दप्तर फेकून तासभर का रडतात, हे कोणाला उमजत नाही.

चौथी फसगत परक्या देशाच्या मापाची आहे, आणि ती आपल्याशी निगडित आहे. इंग्लंड-अमेरिकेत डोळ्याला डोळा भिडवून बोलणे हे सभ्यपणाचे लक्षण. आपल्याकडे कित्येक घरांत वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हाच विनय. अनोळखी डॉक्टरसाहेबांपुढे खेड्यातले मूल आईच्या पदरात तोंड लपविते, त्यात वावगे काही नाही. घरात आजीची भाषा एक, शाळेची दुसरी आणि दूरदर्शनवरची तिसरी असली, तर बोलणे कोणत्या भाषेत मोजणार? प्रश्नाचे केवळ शब्दशः भाषांतर करून भागत नाही. बार्बीऐवजी भातुकली येथपर्यंत विचार करावा लागतो.

ही उणीव ओळखून भारतात स्वतंत्र मोजपट्टी तयार झाली. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ती घडविली. तिला 'इसा' म्हणतात. तिच्यात ४० बाबी आहेत आणि त्या सहा गटांत विभागल्या आहेत: सामाजिक संबंध ९, भावनिक प्रतिसाद ५, भाषा व संवाद ९, वागण्याच्या ठरावीक तऱ्हा ७, इंद्रियांच्या जाणिवा ६ आणि बोधात्मक बाबी ४. प्रत्येकीला १ ते ५ गुण, ते वागणे किती वेळा दिसते त्यावरून: क्वचित दिसल्यास १ आणि जवळजवळ नेहमी दिसल्यास ५. बेरीज ४० ते २००. ७० च्या खाली स्वमग्नता नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

या बेरजेला आपल्या देशात कायद्याचे वजन आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला मान्यताप्राप्त दिव्यांगत्वांत स्थान दिले. 'इसा'च्या गुणांवरून टक्केवारी ठरते, आणि ४० टक्के वा अधिक असल्यास त्या कायद्यातील विशेष सवलतींची वाट मोकळी होते. उच्च शिक्षणातील राखीव जागांसारख्या गोष्टी त्यावर अवलंबून असतात. म्हणजे पाहा, दोन-चार गुणांच्या फरकाने एका मुलाच्या शाळेचा प्रश्न सुटतो किंवा अडतो. मग काही आईबापांना वाटते, गुण जास्त पडले तर बरे. काहींना वाटते, कमी पडले तर अब्रू राहील. दोन्ही मोह मी समजू शकतो. परंतु तापमापकाचा पारा हाताने चढविला किंवा उतरविला, तर ताप बदलत नाही. फक्त औषध चुकते. मुलाचा सर्वांत वाईट दिवसही सांगू नये आणि सर्वांत चांगलाही. नेहमीचा दिवस सांगावा.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बेरीज हा मोजपट्टीचा सर्वांत गरीब भाग आहे. चौतीस गुणांची दोन मुले एकमेकांसारखी नसतात. १९७९ साली लंडनमध्ये लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी केलेल्या पाहणीपासून ही दृष्टी रुजत गेली, आणि २०१३ पासून अमेरिकेच्या निदानसंहितेनेही निरनिराळी नावे मोडून एकच 'वर्णपट' मानला. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपला आणि नारिंगी कोठे सुरू झाला, हे जसे रेघ मारून दाखविता येत नाही, तसेच हे आहे. म्हणून अहवाल हाती आला की बेरजेआधी ओळी वाचाव्यात. आमच्या बंडूला बोलण्यात ३ पडले, ऐकण्यात ३ पडले, पण पाहण्याच्या रीतीत दीडच. याचा अर्थ, याच्याशी कानापेक्षा डोळ्याची वाट मोकळी आहे. मग त्याला दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवा: आधी दात घासण्याचे चित्र, मग दुधाच्या पेल्याचे, मग चपलेचे, मग बालवाडीचे. शॉप्लर यांच्या योजनेत चित्रांनी आणि ठरावीक मांडणीने शिकविण्यावर असाच भर आहे. उद्या दुसऱ्या गल्लीने जावयाचे असेल, तर त्या गल्लीचे चित्र आज रात्री दाखवून ठेवा. जी बाब काल ३ गुणांची तक्रार होती, ती अशा रीतीने उद्याच्या कामाची यादी होते.

बंडूला मोटारीची चाके फिरविण्यात जो आनंद होतो, तो मात्र कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो. मोठे होऊन स्वतःविषयी बोलू-लिहू लागलेली स्वमग्न माणसे आज हेच सांगतात, की आमची उणीव मोजताना आमची आवडही विचारा. त्यांचे म्हणणे रास्त आहे. बंडूला शिकविण्याची पहिली कडी बहुधा त्या चाकातच सापडेल.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरी, शेजारी वा शाळेत असे मूल दिसले, तर चार गोष्टी करा. जे दिसते ते तारीख घालून वहीत लिहा. 'हट्टी आहे' असे न लिहिता 'हाक मारली, पाहिले नाही' असे लिहा. कान तपासून घ्या. जाणत्या बालरोगतज्ज्ञाकडे वा मानसशास्त्रज्ञाकडे जा, आणि एका कागदी प्रश्नावलीवर निकाल लागू देऊ नका. आणि निकालाची वाट पाहत असतानाच मुलाशी खेळणे, बोलणे, त्याला शिकविणे सुरू ठेवा. त्यासाठी कोणत्याही गुणांची परवानगी लागत नाही.

आणि पाचवी गोष्ट आपणा सर्वांसाठी. आजींनी आपल्या मुलाची आठवण अवश्य सांगावी, डॉक्टरांनाही ती उपयोगी पडते. पण तेवढ्यावर सुनेला थांबवून ठेवू नये. शेजारच्या काकूंनी बंडूला आपल्या मुलांत खेळायला जरूर न्यावे. आणि त्या तिसऱ्या बाईंनी आपला टोमणा तेवढा मागे घ्यावा. मुलाचे वागणे मोजण्याची मोजपट्टी निघाली आहे. आईची माया मोजण्याची निघालेली नाही, आणि तिची गरजही नाही.